नळाची बारीक धार

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मागचं दार उघडलं आणि तुळस काळी पडलेली दिसली. आदल्या संध्याकाळी दिवा लावला तेव्हा ती मंजिऱ्यांनी भरलेली होती. आता पानं उकडून काढल्यासारखी लोंबत होती. हात लावला तर देठासकट बोटांत आली. तुळशीच्या लग्नाला जेमतेम तीन आठवडे उरले होते. पुण्याहून आणलेल्या हिरव्या बांगड्या कपाटात तशाच होत्या.

रात्री पाऊस नव्हता, बर्फ नव्हता, वारासुद्धा नव्हता. उलट आभाळ इतकं स्वच्छ होतं की झोपण्याआधी आम्ही दोघं अंगणात उभे राहून बराच वेळ चांदण्या बघत होतो. मग एवढं झालं कशाने? मला काही सुचेना, म्हणून मी गावाला फोन लावला.

आमचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी. नाना, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर द्राक्षबाग करत आलेत. सगळं ऐकून त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "रात्री आभाळ कसं होतं गं?"

"एकदम मोकळं."

"अन् वारा?"

"पडलेला. पानही हलत नव्हतं."

"मग झालं तर. मोकळं आभाळ अन् पडलेला वारा. अशीच रात्र बाग मारून जाती. तू निफाडची पोर, तुला हे सांगाया लागतं का?"

लागलं खरं. कारण आम्ही वाळवंटात राहायला आलो होतो, आणि वाळवंटाबद्दल माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. ऑगस्टमध्ये पुण्यातलं घर आवरताना स्वेटर, शाली, कानटोप्या मी धाकट्या बहिणीला देऊन टाकल्या. आईने शिवलेली जाड गोधडी बॅगेत मावत नव्हती, तीही मागे राहिली. "तिकडे ऊनच ऊन असतं," असं मीच सगळ्यांना सांगत होते. न्यू मेक्सिको, आल्बुकर्की. नकाशावर ते वाळवंटाच्या पट्ट्यात होतं. नकाशाकडे बघताना मी उंची पाहिली नव्हती, आणि अमेरिकेच्या या नैर्ऋत्य भागात राहायला येणाऱ्याने सगळ्यात आधी पाहायची ती उंचीच.

हे शहर रिओ ग्रांदे नदीच्या काठावर सुमारे ४,९०० फुटांवर सुरू होतं आणि पूर्वेला सांदिया डोंगराच्या पायथ्याशी ६,००० फुटांच्या वर चढतं. विमानतळ साधारण ५,३०० फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर, जिथे आपण धापा टाकत पोचतो आणि अर्ध्या तासात उतरू लागतो, तेवढ्या उंचीवर इथे लाखो लोक संसार करतात. त्यात अक्षांश ३५ उत्तर, निफाडपेक्षा १५ अंशांनी वर. सांता फे त्याहून उंच, ७,००० फुटांवर. ॲरिझोनात फीनिक्समध्ये माणसं जानेवारीत अर्ध्या बाह्यांनी फिरतात, आणि तिथून गाडीने दोन-सव्वादोन तासांवरच्या फ्लॅगस्टाफला त्याच दिवशी लोक फावड्याने दारातला बर्फ उपसत असतात. दोन्ही गावं एकाच राज्यातली, दोन्ही 'नैर्ऋत्येतली'. फरक आहे तो जवळजवळ ६,००० फुटांचा. इथे येणाऱ्या ओळखीच्या मुलांना मी आता गावाचं नाव विचारते आणि लगेच त्या गावाची उंची बघायला सांगते. कपडे त्याप्रमाणे घ्यायचे.

नाना जे म्हणाले त्यामागचं कारण मी नंतर नीट समजून घेतलं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते. आभाळात ढग असतील, हवेत दमटपणा असेल, तर त्यातली बरीचशी उष्णता परत खाली येते. कोकणातल्या रात्री उबदार असतात त्या यामुळेच. वाळवंटाच्या हवेत वाफच नाही. जमिनीवर पांघरूण म्हणून काही उरतच नाही. सूर्य मावळला की उष्णता सरळ वर निघून जाते आणि पारा धडाधड उतरतो. जानेवारीत इथे दुपारी सरासरी ९ अंश सेल्सिअस आणि पहाटे उणे ३-४ असतं. आणि ही झाली साधी रात्र. ज्या कोरडेपणामुळे उन्हाळ्यात इथे घाम अंगावर टिकत नाही, त्याच कोरडेपणामुळे हिवाळ्यात नळ गोठतात. वाळवंटाची थंडी ही पाणी नसल्याची थंडी आहे, एवढं एक लक्षात आलं आणि मग बाकीच्या सगळ्या तयारीचा मला अर्थ लागत गेला.

निफाडची थंडी तरी वेगळी कुठे आहे? दर डिसेंबरात पेपरात बातमी येते, 'निफाडचा पारा घसरला', आणि आकडा असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. पारा ४-५ अंशांवर आला की गावात कोणी नीट झोपत नाही. मण्यांना तडे जातील, घड गुलाबी पडतील, फुगवण थांबेल. मग बांधावर पालापाचोळ्याच्या शेकोट्या पेटतात, धूर बागेवर पसरवतात. पहाटे मोटर सुरू करून बोअरचं पाणी बागेत सोडतात, कारण जमिनीच्या पोटातलं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण ती बागेची थंडी होती, नानांची थंडी होती. मी गोधडीत असायचे.

आमचं भाड्याचं घर नदीजवळच्या खोलगट भागात आहे. जुनं, मातीच्या विटांचं, सपाट छपराचं. पहिल्या हिवाळ्यात एक गोष्ट मला फार चमत्कारिक वाटायची. डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माझी ऑफिसातली मैत्रीण आमच्याहून हजार फूट उंच राहते, तरी पहाटे तिच्याकडे आमच्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त ऊब. थंड हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि सखल जागी साचते. शांत रात्री नदीकाठ म्हणजे थंडीचं तळं होतं. बातम्यांत सांगतात तो आकडा विमानतळावरचा, माळावरचा असतो. माझ्या अंगणातला निराळा. म्हणून मी एक साधा थर्मामीटर कुंपणाच्या खांबाला, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर बांधला आहे. इथे फॅरनहाइट चालतं, गोठणबिंदू ३२. हवामान खात्याने ३६ सांगितलं की मी माझ्या दारात ३२ धरते.

हे मला शिकवलं शेजारच्या आजोबांनी. त्यांच्या घराण्याला या खोऱ्यात कित्येक पिढ्या झाल्या. घरात स्पॅनिश बोलतात. मला ते 'मिहा' म्हणतात, म्हणजे 'पोरी', आणि मी त्यांना 'वेसीनो' म्हणावं असा त्यांचा आग्रह. वेसीनो म्हणजे शेजारी. त्यांच्या घरामागून पाण्याचा पाट जातो. त्याला इथे 'असेकिया' म्हणतात, आणि पाण्याची पाळी ठरवणाऱ्या माणसाला 'मायोर्दोमो'. मी त्यांना आमच्याकडच्या फड पद्धतीबद्दल आणि पाटकऱ्याबद्दल सांगितलं तेव्हा ते खूश झाले. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पाण्यावरून असंच भांडतं आणि असंच वाटून घेतं, याचा त्यांना फार आनंद झाला. ऑक्टोबर संपता संपता पाटाचं पाणी बंद होतं. पाट कोरडा पडला की वेसीनो घराभोवती एक फेरी मारतात आणि पाणी कुठेकुठे उरलंय ते बघतात.

त्यांच्या फेरीतलं पहिलं ठिकाण म्हणजे छपरावरचा कूलर. विदर्भातल्या, खानदेशातल्या घरांत असतो तसाच तो, गवताच्या जाळ्यांवर पाणी पडतं आणि पंखा हवा आत ढकलतो. फक्त आकाराने मोठा आणि छपरावर बसवलेला. त्याला पाणी देणारी बारीक तांब्याची नळी घराबाहेरून वर गेलेली असते, आणि थंडीत सगळ्यात आधी फुटते ती हीच. पाणी बंद करायचं, टाकी आणि नळी पूर्ण रिकामी करायची, घरातल्या छताची झडप लावायची, वर ताडपत्री घट्ट बांधायची. झडप उघडी राहिली तर घरातली सगळी ऊब त्या चौकोनातून रात्रभर वर जात राहते. आमच्या घरी पहिल्या वर्षी नोव्हेंबरभर ती उघडीच होती. घर तापवणारी फर्नेस धडधडत होती आणि आम्हाला कळत नव्हतं की पाय इतके गार का पडतात.

दुसरं ठिकाण बाहेरचे नळ. याची आठवण मला अजून त्रास देते.

डिसेंबरच्या मधला आठवडा होता. रात्री पारा उणे १० च्या आसपास गेला होता. दुपारी छान ऊन पडलं. संध्याकाळी कामावरून आलो तर स्वयंपाकघरात पाणी. बाहेरच्या नळाला उन्हाळ्यात लावलेला बागेचा पाइप मी काढलाच नव्हता. पाइपात पाणी अडकलं, त्यामागे नळात, त्यामागे भिंतीतल्या नळीत. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि त्या फुगण्यापुढे धातू टिकत नाही. रात्री नळी चिरली, पण बर्फानेच चीर बुजलेली होती. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळला आणि मग धार लागली. सिमेंटची भिंत असती तर फरशी पुसून भागलं असतं. मातीची भिंत. हाताच्या तळव्याखाली ती मऊ होत चालली होती, खाली चिखलाचा ओघळ येत होता. मेन कॉक कुठे आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. वेसीनो लांब दांड्याची किल्ली घेऊन आले, रस्त्याकडेच्या लोखंडी झाकणाखाली हात घालून त्यांनी पाणी बंद केलं. मग काही न बोलता आमच्याबरोबर दोन तास पाणी उपसत राहिले. ती भिंत वाळायला फेब्रुवारी उजाडला.

नव्या घरात पाऊल ठेवलं की पहिल्या दिवशी मेन कॉक शोधावा, तो एकदा फिरवून पाहावा, आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावा. इतर सगळ्या सूचना मी विसरले तरी ही विसरणार नाही. पाइप काढून ठेवायचा. उघड्यावरच्या नळ्यांना फोमचं वेष्टण घालायचं. उत्तरेच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं कडक रात्री उघडी ठेवायची, म्हणजे खोलीतली ऊब नळीपर्यंत पोचते. आणि नळ अगदी बारीक चालू ठेवायचा, गार आणि गरम दोन्ही बाजूंनी. वाहतं पाणी सहजी गोठत नाही, आणि कुठे गोठलंच तरी नळीतला दाब कोंडून राहत नाही. पाणी जपून वापरत वाढलेल्या माणसाला नळ चालू ठेवून झोपणं किती जड जातं! पहिल्या रात्री मी उठून तो दोनदा बंद केला, आणि नवऱ्याने दोनदा पुन्हा सोडला. आता मी खाली पातेलं ठेवते आणि सकाळी ते पाणी कुंड्यांना घालते.

मातीच्या घराबद्दल मात्र माझ्या मनात प्रेमच आहे. 'अडोबी' हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, 'अत-तूब' म्हणजे वीट. माती, पाणी, गवताचं भुसकट, आणि ऊन. आमच्या आजोळची जुनी धाब्याची घरं अशीच होती, पांढरीच्या मातीची, दोन हात रुंद भिंतींची. दिवसभर भिंत ऊन पिते आणि संध्याकाळनंतर हळूहळू आत सोडते. दक्षिणेच्या भिंतीला रात्री आठ वाजता पाठ टेकली की ऊब लागते. पण त्यासाठी दिवसभर ऊन मिळायला हवं. ओळीने तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं तर हीच भिंत घराला आतून गार करते.

इथल्या पहिल्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. जानेवारीत आम्ही बँडेलियरला गेलो. फ्रिहोलेस नावाच्या दरीत ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडात कोरलेली, त्याला लागून बांधलेली प्युब्लो लोकांची घरं आहेत, आठेकशे वर्षांपूर्वीची. दरीला दोन कडे आहेत. कोरलेली घरं उत्तरेच्या कड्याला, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून. समोरच्या कड्याच्या सावलीत त्या दिवशी घोटाभर बर्फ होता, आणि या बाजूला दगड इतका ऊबदार की आम्ही जॅकेट काढून बसलो. मधलं अंतर दगड भिरकावला तर पोचेल एवढं. हिवाळ्यात दुपारचा सूर्य इथे फार वर चढत नाही, क्षितिजापासून ३०-३२ अंशांवरच राहतो, आणि म्हणूनच तो दक्षिणेच्या दारातून थेट आत येतो. घर भाड्याने बघताना आम्ही शाळा, दुकानं, ऑफिस किती लांब ते सगळं विचारलं होतं. दार कुठल्या दिशेला आहे हे विचारलं नव्हतं. आमच्या गाडीची जागा उत्तरेला आहे. एकदा बर्फ पडला की पुढच्या अंगणात तो दुपारपर्यंत नाहीसा होतो, ओल न दाखवता हवेतच विरून जातो, आणि मागे गाडीजवळ तोच बर्फ दोन आठवडे दगडासारखा पडून राहतो. तिथे वाळू टाकायची, आणि पाय सपाट टेकत, बदकासारखं चालायचं.

सपाट छपराचीही एक गोष्ट आहे. छपरावरचं पाणी खाली टाकणाऱ्या पन्हाळींना इथे 'कानालेस' म्हणतात. हिवाळ्याआधी त्यातला पाला काढला नाही तर वितळलेलं पाणी तिथे अडतं, रात्री गोठतं, दुसऱ्या दिवशी त्यामागे आणखी साचतं, आणि शेवटी छतातून ठिबकतं. नोव्हेंबरात कॉटनवुडची पिवळी पानं पडून संपली की शिडी लावून वर जायचं, हा आमच्याकडे आता दिवाळीनंतरच्या आवराआवरीचाच भाग आहे. कूलरची ताडपत्रीही त्याच फेरीत पुन्हा आवळून घेते.

बर्फाबद्दल लोक जास्त विचारतात, पण बर्फ इथे कमीच. शहरात वर्षाकाठी सरासरी १० इंचांच्या आसपास. २००६ च्या डिसेंबरात वर्ष संपता संपता फूटभराहून जास्त पडला होता आणि शहर ठप्प झालं होतं, त्याच्या आठवणी अजून निघतात. रोजचा धोका वेगळा आहे. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी रस्त्यावर काचेसारखं गोठतं आणि डांबरावर ते दिसत नाही. शहराबाहेर पूर्वेला तिहेरासच्या खिंडीत, उत्तरेला सांता फेकडे जाताना ला बाहादाच्या चढावर, सूर्य मावळल्यावर मी गाडी नेणं टाळते. पारा १० अंश फॅरनहाइटने उतरला की टायरमधला दाब साधारण एका पीएसआयने कमी होतो, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघून घ्यायचा. काचेवर फवारायचं पाणीही बदलायचं, उन्हाळ्याचं असेल तर ते काचेवरच गोठून समोरचं काही दिसेनासं होतं. डिकीत घोंगडी, फावडं, वाळूची पिशवी, पाणी आणि शेंगदाण्याची चिक्की.

कोरडेपणाला मात्र आम्ही दोघंही तयार नव्हतो. घरात फर्नेस लागली की आधीच कोरडी असलेली हवा आणखी सुकते. पहिल्या महिन्यात नवऱ्याच्या नाकातून रक्त आलं. माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, कणीक मळताना मीठ झोंबायचं. दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसायचा, अंधारात लोकरी पांघरूण ओढलं की ठिणग्या दिसायच्या. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं, आणि संध्याकाळी डोकं दुखत राहतं. आता सकाळी तांब्याभर कोमट पाणी, रात्री उशाशी पाण्याची वाफ सोडणारं यंत्र, आणि आंघोळीनंतर अंग ओलं असतानाच तिळाचं तेल. खोबरेल इथे ऑक्टोबर ते एप्रिल पांढरं, घट्ट होऊन बसतं. मी बाटली दक्षिणेच्या खिडकीत उन्हात ठेवते. ऊनही फसवं आहे. एवढ्या उंचीवर ते थंडीतही भाजतं, ओठ आणि कान आधी.

कपड्यांचं आईने लहानपणीच शिकवलं होतं, एकावर एक. पहाटे उणे ५ आणि दुपारी १२ असेल तर एक जाड कोट कामाचा नाही. आत सुती, मधे लोकरी, वर वारा अडवणारं, आणि दिवसभर ते सोलत जायचं. त्या हिवाळ्यातच बहिणीने गोधडी पार्सलने पाठवली. तिच्यात आईच्या जुन्या लुगड्यांचे सात थर आहेत. दुकानातल्या कुठल्याही रजईपेक्षा मला ती जास्त ऊब देते.

स्वयंपाकघराची तयारीही हिवाळ्याचीच तयारी असते. पाणी इथे ९५ अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरशिवाय गत्यंतर नाही. इडलीचं पीठ ओव्हनमधला दिवा लावून आत ठेवलं तरच फुगतं. नोव्हेंबरात मी बाजरीचं पीठ आणि कुळीथ आणून ठेवते, डिंकाचे लाडू वळते, त्यातले निम्मे शेजारी जातात. वेसीनोंकडून येतो पोसोले, पांढऱ्या मक्याचे फुगलेले दाणे, मांस आणि लाल मिरची रात्रभर रटरटवून केलेला. त्यांच्या दाराला सुक्या लाल मिरच्यांची जाड माळ टांगलेली असते. ती बघितली की मला लासलगावच्या बाजारातला मिरच्यांचा ढीग आठवतो. गंमत म्हणजे मिरची स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून इकडे आणली आणि पोर्तुगिजांनी गोव्यात. दोन वाटांनी निघून ती दोघांच्याही हिवाळ्यात पोचली आहे.

वेसीनोंच्या घरी लाकडाची रास असते, पिन्योन आणि जुनिपरची, ऑगस्टमध्येच रचलेली. मी एकदा विचारलं, गॅसची फर्नेस असताना एवढं लाकूड कशाला? त्यांनी २०११ च्या फेब्रुवारीची गोष्ट सांगितली. पारा उणे २० च्या खाली गेला होता. शेजारच्या टेक्सासमध्ये वीज गेली, गॅसच्या विहिरी गोठल्या, पाइपलाइनमधला दाब पडला, आणि न्यू मेक्सिकोत ताओस, एस्पान्योला, बर्नालियो अशा गावांतल्या हजारो घरांचा गॅस ऐन थंडीत बंद झाला. परत सुरू करताना प्रत्येक घरी माणूस जाऊन फर्नेसमधली पायलटची, म्हणजे कायम जळत राहणारी छोटी ज्योत पेटवावी लागली. कित्येकांना दिवसेंदिवस वाट बघावी लागली. त्या दिवसांत वेसीनोंच्या चुलीच्या खोलीत तीन कुटुंबं झोपत होती. त्यांनी हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नव्हतं. पुढच्या रविवारी ते आमच्याकडे लाकडाच्या दोन मोळ्या टाकून गेले. आम्ही चिमणी साफ करून घेतली आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर लावला. मातीच्या घराची दारं-खिडक्या घट्ट लावून आग पेटवायची तर हा अलार्म हवाच, त्यात काटकसर नको. हवा कोंडलेली असते त्या संध्याकाळी शहरात लाकूड जाळायला मनाईही असते, ती पाळायची. बाकीच्या रात्री पिन्योनचा वास गल्लीभर असतो, उदासारखा, थोडा गोडसर. नाताळच्या आदल्या रात्री सगळे आपापल्या कुंपणावर, छपराच्या कडेला कागदी पिशव्यांत वाळू घालून मेणबत्त्या लावतात. इथे त्यांना 'लुमिनारिया' म्हणतात, सांता फेमध्ये 'फारोलितो'. आमच्या आकाशकंदिलाचा सांगाडा मी तोवर काढत नाही.

आणि क्रौंच. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तरेकडून सँडहिल क्रौंच येतात, हजारोंनी, आणि रिओ ग्रांदेच्या काठाने फेब्रुवारीपर्यंत मुक्काम करतात. आधी आवाज येतो, लाकडी चाक फिरल्यासारखा, उंचावरून. मग त्यांची लांब रांग दिसते. रात्री ते नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. निफाडहून जवळच नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात असेच पाहुणे येतात, त्यांत क्रौंचही असतात. २०२० मध्ये ती पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. मी शाळेत असताना नाना सायकलवर बसवून तिकडे न्यायचे. इथे पहिल्या वर्षी क्रौंचांचा आवाज ऐकून मी नुसती आभाळाकडे बघत राहिले होते. आता तो आवाज आला की मी त्याच दिवशी तुळस आत घेते. ही दुसरी तुळस, दक्षिणेच्या खिडकीत असते. तिचं लग्न घरातच लागतं, उसाच्या ऐवजी मक्याची सुकी धाटं बांधून.

हा आमचा तिसरा हिवाळा. गेल्या मंगळवारी सूचना आली, पहाटे १२ फॅरनहाइट, म्हणजे उणे ११. आभाळ मोकळं, वारा पडलेला. संध्याकाळी साडेपाच वाजता, सांदियाचा गुलाबी रंग विझत असताना, नानांचा फोन आला. हिवाळ्यात आमच्या घड्याळांत साडेबारा तासांचं अंतर असतं. त्यांच्याकडे बुधवारची पहाट, सहा वाजलेले, अजून अंधार. ते बागेतच होते. पारा ५ वर आला होता. रात्रपाळीची लाईट होती म्हणून चारपासून मोटर चालू होती. मागे शेकोटीचा तडतड आवाज येत होता, आणि त्याहून लांब, सरीतून चाललेल्या पाण्याचा.

मी फोन स्पीकरवर ठेवून घरभर फिरत होते. मागचा पाइप काढलेला आहे ना, पाहिलं. सिंकखालची कपाटं उघडली. कुंडीतल्या लसणावर जुनी चादर टाकून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. नाना या वर्षीच्या मालाबद्दल, व्यापाऱ्याबद्दल, गुडघ्याबद्दल सांगत होते. शेवटी स्वयंपाकघरात आले, पातेलं ठेवलं आणि नळ सोडला, सुतळीइतकी बारीक धार.

नाना बोलता बोलता थांबले. "कसला आवाज येतोय गं?"

"पाणी सोडलंय, नाना."

"बरं केलं," ते म्हणाले. "आम्ही बी सोडलंय."